दुष्काळ, लढाया आणि इंद्रायणीत बुडवलेली कर्जखते: तुकोबांच्या काळात नेमके काय घडले?

सोमेश्वरनगर : दरवर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते. ज्यांच्या पादुका या पालखीत असतात, ते देहूचे तुकाराम ऐन विशीत दिवाळे निघालेले दुकानदार होते. त्यामागे होता १६३०चा दुष्काळ आणि त्याच वेळी पेटलेल्या लढाया.

घरची स्थिती काय होती?
तुकोबांचा जन्म १६०८चा मानला जातो. घरी महाजनकी, शेती, दुकान आणि सावकारी होती. थोरले बंधू सावजी विरक्त असल्याने कारभार लहान वयातच तुकोबांकडे आला. पुढे वडील बोल्होबा आणि आई कनकाई यांचे छत्रही हरपले.

लढाया कशाच्या?
१६२९मध्ये निजामशाहाच्या दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधव मारले गेले. त्यांचे जावई शहाजीराजे निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. १६३०मध्ये शाहजहान बुऱ्हाणपुरात येऊन बसला. पुणे आणि सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीचे परगणे. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवने पुणे जाळले.

दुष्काळाने काय केले?
१६३०मध्ये पावसाने दगा दिला. दख्खन आणि गुजरात होरपळले. जे धान्य आणि वैरण उरली, त्यावर फौजांचाही डोळा. शेतकऱ्याकडे पेरायला बी नाही, तर उधारी फिटणार कुठून? तुकोबांचे दुकान बुडाले. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. मुलगा संतूही दगावला.

कर्जखतांचे काय झाले?
खत हातात असेल, तर पुढच्या सुगीला वसुली करता येत होती. दुसरी पत्नी जिजाई आणि संसार समोर असताना तुकोबांनी तो मार्ग सोडला. परंपरेनुसार, त्यांनी निम्मी खते धाकटे बंधू कान्होबांना दिली. भावाचा हक्क राखून फक्त स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. त्या कुळांचे देणे तिथेच संपले.

पुढे काय?
तुकोबा भंडारा, भामचंद्र डोंगरांवर चिंतनात रमले, कीर्तन करू लागले, अभंग रचू लागले. १६५०च्या सुमारास त्यांचे वैकुंठगमन झाले. त्यांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५मध्ये पालखी सोहळा सुरू केला. दुष्काळात ज्यांचे घर मोडले, त्यांच्या पालखीसाठी आज वाटेवरच्या गावागावांत पंगती उठतात.