सरकारी खर्चाने इंग्रजी शिकायला गेलेले मास्तर

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मी जन्मभर मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, म्हणून माझ्याच पेशातल्या एका जपानी मास्तरांविषयी लिहितो. नात्सुमे सोसेकी हे नाव जपानात घरोघरी माहीत आहे, पण कादंबरीकार म्हणून. १९८४ पासून वीस वर्षं हजार येनच्या नोटेवर त्यांचंच चित्र होतं. मूळ धंदा मात्र इंग्रजी शिकवण्याचा.

जन्म १८६७चा, आजच्या तोक्योमधला. खरं नाव किन्नोसुके. इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन त्यांनी आधी मात्सुयामाच्या शाळेत आणि मग कुमामोतोच्या सरकारी महाविद्यालयात मास्तरकी केली. १९०० साली शिक्षण खात्याचा हुकूम आला: दोन वर्षं इंग्लंडात राहून इंग्रजीचा अभ्यास करावा. हुकुमात भाषा म्हटलं होतं, साहित्य नव्हे. हे त्यांना खटकलं आणि ते खात्यात जाऊन नेमका अर्थ विचारून आले. हाडाचा मास्तर असाच वागणार!

ऑक्टोबरअखेर ते लंडनला पोचले. वर्षाला १८०० येन मिळायचे, आणि मागे जपानात पत्नी व मुलीला ३००. केंब्रिज पाहून आले, पण तिथला खर्च झेपणारा नव्हता. युनिव्हर्सिटी कॉलेजातली व्याख्यानं थोडे दिवस ऐकून सोडून दिली. मग शेक्सपिअरचे अभ्यासक क्रेग यांच्याकडे शिकवणी लावली, तीही पुढे बंद केली. दोन वर्षांत पाच बिऱ्हाडं बदलली. पोटाला चिमटा काढून शेकडो पुस्तकं घेतली. १९०१ मध्ये राणी व्हिक्टोरियाची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा गर्दीत काही दिसेना म्हणून घरमालकाने या ठेंगण्या भाडेकरूला चक्क खांद्यावर घेतलं. हा प्रसंग वाचून मला आधी हसू आलं, मग त्यांचा एकटेपणा जाणवला.

क्लॅपममधल्या शेवटच्या खोलीत ते दार लावून बसू लागले. बारीक अक्षरात टिपणांच्या वह्याच वह्या भरल्या. मायदेशी खबर गेली की नात्सुमेंना वेड लागलं. वेड म्हणा, पण त्याच खोलीत त्यांना एक गोष्ट उमगली होती. एखादी इंग्रजी कविता चांगली का वाईट, हे इंग्रज टीकाकाराच्या तोंडाकडे पाहून ठरवायचं कारण नाही. जपानी वाचकाला ती जशी वाटते तशी त्याने सांगावी. परदेशी प्रशिक्षणातून माणूस उच्चार घेऊन परततो, असा आपल्याकडे समज. सोसेकींनी घेतला तो स्वतःच्या मतावरचा विश्वास. माझ्या मते हेच खरं प्रशिक्षण, सरकारच्या हिशेबात ते बसलं नसलं तरी.

१९०३ मध्ये परतल्यावर त्यांना तोक्यो विद्यापीठात लाफ्काडिओ हर्न यांच्या जागी नेमलं. हर्न मुलांचे लाडके. त्यांच्या जागी रुक्ष सिद्धांत सांगणारा हा नवा मास्तर मुलांना आवडला नाही. शेक्सपिअर शिकवायला घेतल्यावर मात्र वर्ग भरू लागले. चार वर्षं शिकवून १९०७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि ते आसाही वृत्तपत्रात कादंबऱ्या लिहू लागले. मांजराच्या तोंडून सांगितलेली त्यांची पहिली कादंबरी त्याआधीच गाजली होती.

इंग्रजी शिकवण्यावरचं त्यांचं १९११चं एक लिखाण आपण वाचण्याजोगं आहे. पोरांचं इंग्रजी कच्चं झालं, ही ओरड तेव्हा जपानातही होती. (आमच्या स्टाफरूममध्ये ती चहाबरोबर रोज असे.) सोसेकींना त्यात आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या पिढीला भूगोल-गणितही इंग्रजीतून शिकावं लागलं, म्हणून ती इंग्रजीत पक्की. आता सगळे विषय जपानीत आले, तर इंग्रजी मागे पडणारच. उलट सगळं शिक्षण परक्या भाषेत घेणं त्यांना देशाची मानहानी वाटे. आणि अशा गुलामीचा दाखला म्हणून त्यांनी नाव घेतलं ते इंग्रजांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानचं! ते वाक्य मी दोनदा वाचलं.

मात्र म्हणून इंग्रजी सोडा, असं ते म्हणाले नाहीत. तास कमी झाले, तर शिक्षक आणि पाठ्यपुस्तकं अधिक चांगली हवीत, असं त्यांचं म्हणणं. पाच वर्षांनी, ९ डिसेंबर १९१६ला, ते गेले. वय अवघं एकोणपन्नास.