श्रीसंत गोरोबाकाका आणि चिखलातली तंद्री

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. फार पूर्वी ते तगर या नावाने व्यापाराची मोठी पेठ होते आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथातही त्याची नोंद सापडते. पण ती पेठ गेली, ते व्यापारी गेले. आज आपण वारकरी तेरचे नाव घेतो ते एका कुंभारासाठी.

परंपरेप्रमाणे गोरोबांचा जन्म शके ११८९, म्हणजे इ. स. १२६७ चा. ज्ञानोबा, नामदेव यांच्याहून ते वयाने वडील, म्हणून सारी संतमंडळी त्यांना काका म्हणे. घरी पत्नी संती, एक रांगते मूल, अंगणात चाक आणि बाजूला चिखलाचे आळे. ज्यांनी कुंभारवाडा पाहिला आहे त्यांना माती तुडवण्याचे काम ठाऊक असेल. माती भिजवायची, तिच्यात राख नाही तर लीद मिसळायची आणि मग तासन्‌ तास पायांनी मळायची. मातीत खडा किंवा हवेचा फुगा राहिला तर मडके आव्यात तडकते. काम कष्टाचे, पण त्यात डोके फारसे लागत नाही. एकदा लय सापडली की पाय आपले आपण चालतात आणि मन मोकळे राहते. गोरोबांचे ते मोकळे मन विठ्ठलनामात बुडालेले असे.

एके दिवशी संती पाण्याला निघाली आणि मुलाकडे बघायला सांगून गेली. मूल बापाकडे रांगत आले आणि आळ्यात उतरले. गोरोबांचे डोळे मिटलेले, मुखी नाम, पाय लयीत. मूल त्या पायांखाली गेले. संती परत आली तेव्हा चिखल लाल झाला होता.

आपले कीर्तनकार इथून पुढच्या चमत्काराकडे जरा घाईनेच जातात. मला मात्र या आळ्यापाशी थांबावेसे वाटते. कारण पुष्कळ तरुण मंडळी विचारतात, पोर रडले असेल ना, मग बापाला ऐकू कसे आले नाही? विचारणाऱ्याला नास्तिक म्हणून गप्प करू नये. प्रश्न रास्त आहे.

अलीकडे या तंद्रीचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४–२०२१) हे हंगेरियन वंशाचे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत शिकागोला प्राध्यापक होते. त्यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यवैद्य अशा लोकांना, कामात रंगलात की काय होते, असे विचारले. उत्तरे एकाच धाटणीची आली. काळाचे भान जाते, मीपणा गळतो, पाण्याच्या ओघाने वाहून नेल्यासारखे होते. म्हणून त्यांनी या स्थितीला ओघ, इंग्रजीत फ्लो, असे नाव दिले. काम आपल्या कौशल्याच्या तोडीस तोड असावे लागते, असेही त्यांना दिसले. सोपे असले तर कंटाळा येतो, अवघड असले तर धास्ती वाटते.

मेंदूचेही निरीक्षण झाले. २००८ मध्ये अमेरिकेत सहा जाझ पियानोवादकांना यंत्रात झोपवून मनाने सुचेल तसे वाजवायला सांगितले. स्वतःवर पहारा ठेवणारा, चूक-बरोबर तपासणारा कपाळामागचा बाहेरच्या बाजूचा भाग तेव्हा मंदावला आणि मधला भाग जागा झाला. पुढे २०१४ मध्ये जर्मनीत उल्म इथे माणसांना त्यांच्या कुवतीची गणिते घातली, तर त्यांच्यात हाच मधला भाग शांत झालेला आढळला! म्हणजे शास्त्रज्ञांचेही अजून एकमत नाही. आणि हे १९९९ चे पाहा. चेंडू किती वेळा फेकला गेला ते मोजणाऱ्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना, समोरून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसलाच नाही. ते डोळे उघडे ठेवून, टक लावून बघत होते. लक्ष एके ठिकाणी पूर्ण खर्ची पडले की दुसरीकडे द्यायला उरत नाही.

तेव्हा गोरोबांना ऐकू आले नाही यात अशक्य काही नाही. मात्र एक फरक ध्यानात घ्या. त्यांची तंद्री मातीत लागली नव्हती. माती पायांच्या सवयीवर सोडलेली होती, मन होते ते नामात. चाकावर घागर उठवताना असे चालले नसते, तिथे बोट जरा हलले की काठ वाकडा. चिक्सेंटमिहाय यांनीही लिहून ठेवले आहे की ही स्थिती अग्नीसारखी आहे, ती आपणहून चांगली नाही की वाईट नाही. चुलीत असेल तर भाकरी भाजते, आढ्याला लागली तर घर जाते.

आणि संतीचे काय? कथेत तिला रागीट बाई म्हणून सोडून देतात. अहो, विश्वासाने पोर सोपवून गेलेली आई ती! तिने बोल लावला, त्यात काय चुकले? गोरोबा तिच्यावर धावले, तेव्हा तिने त्यांना विठ्ठलाची शपथ घातली की मला शिवायचे नाही. त्यांनी ती पाळली. वंश खुंटू नये म्हणून संतीने आपली धाकटी बहीण रामी त्यांना करून दिली. दोघींना सारखेच वागवा, असे सासऱ्यांनी बजावले, म्हणून गोरोबांनी तीच शपथ रामीलाही लागू केली. एका रात्री झोपेत दोघींनी त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जाग आल्यावर, शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडून टाकले. कुंभाराचे हात गेले म्हणजे चाक थांबले, पोट थांबले.

आषाढीला तिघेही पंढरीस गेली. नामदेवरायांचे कीर्तन रंगले होते. टाळी वाजवायची वेळ आली तशा गोरोबांनी थोट्या भुजा वर केल्या आणि त्यांना हात फुटले. संतीने पांडुरंगापाशी आपले मूल मागितले, तेही रांगत आले. शपथ सुटली.

हेच गोरोबा पुढे थापटणे घेऊन संतांच्या डोक्यांची परीक्षा करायला बसले. नामदेव रुसले आणि तेच कच्चे ठरले. शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशीस काकांनी तेरला देह ठेवला. त्यांची समाधी तेरणेच्या काठी आहे.