सर हेन्री पॉटिंजर

सर हेन्री पॉटिंजर (३ ऑक्टोबर १७८९ – १८ मार्च १८५६) हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी व वसाहतींचा प्रशासक होता. हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर म्हणून तो प्रसिद्ध असला, तरी त्यापूर्वी तो अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे कलेक्टर होता, याचा उल्लेख क्वचितच होतो.

बेलफास्टजवळ जन्मलेला पॉटिंजर १८०४ मध्ये भारतात आला. १८१० मध्ये चार्ल्स क्रिस्टी याच्यासह वेषांतर करून तो बलुचिस्तानात शिरला व पुढे इराणपर्यंत गेला. या प्रवासाचे त्याने लिहिलेले वर्णन १८१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

अहमदनगर

अहमदनगरचा भुईकोट किल्ला वेलस्लीने १८०३ मध्येच जिंकला होता. पेशव्यांचा मुलूख मात्र १८१८ मध्ये कंपनीकडे आला. दख्खनचा कमिशनर माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन याने चांदवडच्या डोंगररांगेपासून भीमेपर्यंतचा प्रदेश पॉटिंजरकडे सोपवला. आजच्या नाशिक जिल्ह्याचा मोठा भाग त्यात होता. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला.

हा मुलूख सलग नव्हता. निजाम, शिंदे व होळकर यांची गावे कंपनीच्या गावांत मिसळलेली होती, त्यामुळे गावाची शीव हीच कित्येक ठिकाणी राज्याची सीमा ठरे. श्रीगोंद्याकडील शिंद्यांचा मुलूख तर १८६० च्या दशकाच्या आरंभी इंग्रजांकडे आला. जुनी घडी शक्यतो मोडू नये, असे एल्फिन्स्टनचे धोरण होते. वतने व इनामे चालू राहिली आणि दिवाणी तंटे पंचायतीकडे जात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मामलतीचे मक्ते बंद होऊन पगारी मामलतदार आले. रयतेच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता. पण पाटलापासून मामलतदारापर्यंत सारे आता एका परक्या कलेक्टरला जबाबदार झाले.

सिंध व चीन

१८२५ मध्ये तो कच्छचा रेसिडेंट झाला. पुढे सिंधच्या अमिरांशी त्याने तह केले; मात्र १८४३ मध्ये नेपियरने सिंध खालसा केले, ते त्याला मान्य नव्हते. चीनविषयी त्याची भूमिका इतकी सौम्य नव्हती. पहिल्या अफू युद्धानंतर २९ ऑगस्ट १८४२ रोजी त्याने नानकिंगचा तह घडवून आणला. ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर सह्या झाल्या, ते मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधले होते.

केप वसाहत

१८४७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीचा गव्हर्नर म्हणून त्याची नेमणूक झाली. डच व इंग्रज वसाहतवाले आणि खोसा लोक यांच्यात चराऊ जमीन व गुरे यांवरून सीमेवर सातवे युद्ध चालू होते. वसाहतीच्या हद्दीपलीकडेही कारभार करता यावा म्हणून त्याला हाय कमिशनर हे नवे पद देण्यात आले. अहमदनगरला निदान जुन्या हक्कांची नोंद राखली गेली; येथे सीमा सैन्यानेच ठरवली. त्याच्या कारकिर्दीत खोसा प्रमुख सँडिले कैद झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच्या जागी आलेल्या हॅरी स्मिथने वसाहतीची हद्द कीस्कामा नदीपर्यंत नेली आणि तेथून केई नदीपर्यंतचा खोसांचा प्रदेश ब्रिटिश काफ्रारिया म्हणून ताब्यात घेतला.

पॉटिंजर १८४८ ते १८५४ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. त्याचे निधन माल्टा येथे झाले.