प्रोस्टेटचं ऑपरेशन करून आलेल्या जेपींनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली, पण शेवटची जवळपास चार वर्षं डायलिसिसवर काढली

5 जून 1974. पाटण्याचं गांधी मैदान माणसांनी खच्चून भरलेलं आणि मंचावर 71 वर्षांचे जयप्रकाश नारायण. याच सभेत त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली हे आपण शाळेपासून ऐकतोय. पण हा माणूस काही दिवसांपूर्वीच वेल्लोरच्या हॉस्पिटलमधून प्रोस्टेटचं ऑपरेशन करून आला होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

ज्यांच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन झालंय त्यांना विचारा. सर्जनचं काम काही तासांचं, खरी परीक्षा नंतर. लघवीसाठी नळी, म्हणजे कॅथेटर घातलेला असतो. लघवीचा रंग लाल आहे की फिकट होतोय, रक्ताच्या गाठीने नळी तुंबली तर नाही ना, पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता लटकतेय ना, हे सगळं सिस्टर बघतात. नळी काढल्यावरही पेशंटला किती वेळा आणि किती लघवी झाली याची नोंद होते. पेशंटला याची लाज वाटते, म्हणून पडदा ओढून, विचारून काम करणं हाही नर्सिंगचाच भाग.

जेपी तसे काटक. जन्म 11 ऑक्टोबर 1902 चा, बिहारमधल्या सिताबदियाराचा. शिक्षण अमेरिकेत. 1932 च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी यांच्यासोबत चर्चा रंगल्या आणि त्यातून 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. 1942 मध्ये तर हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पळाले.

पण 1975 चा तुरुंग वेगळा निघाला. आणीबाणी लागली, 26 जूनच्या पहाटे जेपींना अटक झाली आणि त्यांना चंदीगडच्या पीजीआयमध्ये ठेवलं. तिथेच तब्येत ढासळली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली आणि दिल्लीमार्गे त्यांना मुंबईच्या जसलोकमध्ये आणलं, तेव्हा किडन्या निकामी झाल्या होत्या. कैदेत उपचारांत हयगय झाली का, यावर नंतर बराच वाद झाला.

जसलोकमध्ये डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झालं. तेव्हा नवी मुंबई नुकती आकार घेत होती आणि डायलिसिस हा शब्दही बहुतेकांना नवा होता. आज वाशी-नेरुळकडच्या कितीतरी घरांत त्याचे वार ठरलेले असतात. किडनी बंद पडली की लघवीवाटे जाणारं पाणी आणि युरिया अंगातच साठतं. मग मशीन रक्त गाळतं, पण मशीनमागे माणूस लागतोच. आधी वजन, नंतर वजन. प्यायलेल्या पाण्याचा हिशेब घोटाघोटाने. पायाला सूज आली का, धाप लागतेय का, मधेच बीपी पडतंय का. ज्या हातात फिस्टुला असतो, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही की रोजची सुई टोचायची नाही.

घरी न्यायचं मशीन महाग होतं. सर्वोदयच्या कार्यकर्त्यांनी लोकांकडून छोट्या छोट्या देणग्या मागायला सुरुवात केली. 1976 मध्ये इंदिरा गांधींनीही पंतप्रधान मदतनिधीतून 90 हजारांचा चेक पाठवला. तो जेपींनी परत केला. लोकांच्या पैशांतून मशीन होतंय, सरकारचा निधी गरजूंना द्या, असा त्यांचा सूर होता. ज्या सरकारने आत टाकलं त्याचाच पैसा, आणि तोही रोज जिवंत ठेवणाऱ्या यंत्रासाठी! नकार देणं सोपं नव्हतं.

1977 च्या निवडणुकीत जेपी अशाच शरीराने प्रचाराला उतरले. डायलिसिसचा दिवस चुकवता येत नव्हता, म्हणून उरलेल्या दिवसांत सभा. केंद्रात जनता पक्षाचं सरकार आलं, मशीन मात्र सुटलं नाही.

मार्च 1979 मध्ये ते पुन्हा जसलोकमध्ये होते. जेपी गेल्याची बातमी थेट लोकसभेत पोहोचली, मोरारजी देसाईंनी ती जाहीर केली आणि सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. इकडे हॉस्पिटलमध्ये जेपी जिवंत होते आणि डॉक्टर-सिस्टर त्यांच्या उशाशी होते. पुढे ते पाटण्याला परतले. 8 ऑक्टोबर 1979 ला तिथेच त्यांचं निधन झालं. 77 वा वाढदिवस तीन दिवसांवर होता.