जॉन डिलन आणि खंडाचे गणित

जॉन डिलन यांनी डब्लिनमध्ये वैद्यकाचे शिक्षण पुरे करून शल्यवैद्याची सनद मिळविली, पण तिचा उपयोग मात्र फारसा केला नाही. वडील १८४८ च्या फसलेल्या उठावानंतर अमेरिकेत परागंदा झालेले. राजकारण या घरात वारशानेच आले होते. १८८० मध्ये टिपररीतून ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले. १८८५ पासून तेहेतीस वर्षे पूर्व मेयोचे प्रतिनिधित्व त्यांच्याकडे होते.

शेतमालाचे भाव कोसळले तरी खंड उतरत नव्हता. १८८६ मध्ये डिलन आणि विल्यम ओब्रायन यांनी यावर उपाय योजला. इस्टेटीवरील कुळांनी एकजुटीने वाजवी तेवढाच खंड देऊ करावा. जमीनदाराने तो नाकारल्यास ती रक्कम निधीत टाकून बेदखल झालेल्यांना पोसावे. पक्षनेते पार्नेल यांनी या चळवळीपासून अंग राखले. १८८८ मध्ये खुद्द रोमने तिचा निषेध केला, तेव्हा श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या डिलन यांनी राजकारणात पोपचा अधिकार मानण्याचे साफ नाकारले. तुरुंगवास तर त्यांना वारंवार घडला.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९०३ च्या जमीन कायद्याने. सरकारने कुळांना जमीन खरेदीसाठी कर्ज द्यावयाचे, जमीनदारांना किमतीवर १२ टक्के बक्षिशी, आणि कुळांनी साडेअडुसष्ट वर्षे सव्वातीन टक्के भरीत राहावयाचे, अशी ती योजना. किंमत अवाच्या सवा आहे, हा डिलन यांचा आक्षेप निराधार नव्हता. जमीनदारांशी गोडी झाल्यास स्वराज्याची मागणी बोथट होईल, ही धास्तीही त्यामागे होती. परंतु वार्षिक हप्ता जुन्या खंडाहून बहुधा कमीच पडे. कुळाने तेवढेच पाहिले आणि जमीन घेतली. कुळाचा हिशेब चुकला असे कोण म्हणेल? ओब्रायन यांच्याशी मात्र डिलन यांचे कायमचे बिनसले.

११ मे १९१६ रोजी, डब्लिनच्या बंडातील कैद्यांना गोळ्या घातल्या जात असताना, त्यांनी कॉमन्स सभेत सरकारची कडक हजेरी घेतली. बंडाचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. बंडवाल्यांच्या धैर्याची त्यांनी केलेली वाखाणणी सभागृहाला झोंबली. १९१८ मध्ये रेडमंड यांच्या निधनानंतर पक्षाची धुरा त्यांच्याकडे आली, ती पक्षाचा पाया खचल्यावर. त्याच डिसेंबरात पूर्व मेयोत त्यांना ४,५१४ मते पडली. डी व्हॅलेरा यांना मिळाली ८,९७५. ते तेव्हा इंग्लंडमधील तुरुंगात होते. डिलन १९२७ मध्ये लंडनला वारले.