गोविंद सखाराम सरदेसाई
गोविंद सखाराम सरदेसाई (१७ मे १८६५ – २९ नोव्हेंबर १९५९) हे ‘मराठी रियासत’ लिहिणारे इतिहासकार होत. पूर्वायुष्यात ते बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होते. १८१८ नंतर पुण्याचे पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनाम-वतनांच्या चौकशीसाठी अंमलदार ते वापरीत. अभ्यासकांना मात्र मुक्त प्रवेश नव्हता. मोडी कागदांचे हजारो रुमाल असे सरकारी बंदोबस्तात राहिले. पुढे यदुनाथ सरकारांच्या शिफारशीने मुंबई सरकारने निवृत्त सरदेसायांना ते खुले केले. पासष्टीच्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह हे कागद तपासले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक पत्रांचे ४५ खंड संपादिले. अर्थात कोणते कागद छापावेत, हा निर्णय मुख्यतः संपादकाचाच राहिला. १९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. उत्तरायुष्यात ते कामशेतला राहत.