खात्रीच्या विद्येचे बारसे

हॉलंडमधल्या शाळेचे प्रगतिपुस्तक इंग्रजीत करायला घेतले, की काम सोपे वाटते. ‘विस्कुंडे’ म्हणजे मॅथेमॅटिक्स, ‘नाट्यूरकुंडे’ म्हणजे फिजिक्स, ‘स्खेइकुंडे’ म्हणजे केमिस्ट्री. कोश मिटावा आणि मोकळे व्हावे! पण मूळ शब्द फोडून पाहिले तर ते निराळेच बोलू लागतात. खात्रीची विद्या, निसर्गाची विद्या, वेगळे करण्याची विद्या. इंग्रजीत हे सारे गळून पडते; आणि शब्दाला शब्द ठेवावा, तर फिजिक्सचा निसर्ग-अभ्यास होऊन बसतो. यातल्या पहिल्या शब्दामागे एका माणसाचा जन्मभराचा हट्ट आहे. त्याचे नाव सिमॉन स्टेविन.

स्टेविन १५४८ साली आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज गावी जन्मला. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते. तरुणपणी त्याने हिशेबनिसाची आणि करवसुलीच्या कचेरीतली नोकरी केली. १५८३ मध्ये, पस्तिशीच्या घरात, त्याचे नाव लायडन विद्यापीठात दाखल झाले. तेव्हा विद्वानांची भाषा लॅटिन होती. मोजणीदार, नाणी पाडणारे, कापड मोजणारे, पिपातली दारू मापणारे या सगळ्यांना गणित रोज लागे, पण गणिताच्या ग्रंथांचे दार त्यांना बंद होते.

ते दार स्टेविनने उघडले. १५८५ साली त्याने ‘द थींद’ ही दशांश अपूर्णांकांवरची छोटीशी पुस्तिका डच भाषेत काढली, ती नेमकी याच लोकांसाठी. दशांश अपूर्णांक त्यापूर्वी अरबी गणितज्ञांना ठाऊक होते. युरोपच्या बाजारपेठेत त्यांचा पुरस्कार केला तो स्टेविनने. पुढच्याच वर्षी वजन आणि समतोल यांवरचा ग्रंथ आला, त्यालाही नाव डचच. डेल्फ्टला मित्राबरोबर शिशाचे हलकेजड गोळे उंचावरून टाकून ते एकदमच खाली पोचतात, हेही त्याने याच काळात दाखवले.

लिहिता लिहिता शब्द अडू लागले, तेव्हा त्याने ते घडवले. ग्रीकमधून आलेल्या मॅथेमॅटिक्स या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘शिकण्याची गोष्ट’ एवढाच. स्टेविनला ते पुरेसे वाटले नाही. जे सिद्ध करता येते ते खात्रीचे, म्हणून त्याने ‘विस्कोन्स्ट’, म्हणजे खात्रीची कला, असे बारसे केले. त्यातल्या कलेची पुढे विद्या झाली आणि आजचा ‘विस्कुंडे’ रुळला. समांतर आणि व्यास यांसाठीचे त्याचे शब्दही डच मुले आजही वापरतात.

हट्ट कधी अतिरेकालाही गेला. डचमध्ये एकाक्षरी शब्द फार, म्हणून शास्त्राला हीच भाषा सर्वांत योग्य, असे त्याने याद्या करकरून मांडले. भाषाशास्त्र हे मानणार नाही. पण त्यामागची कळकळ खरी होती. त्याचा शिष्य आणि आश्रयदाता प्रिन्स मॉरिस याने १६०० साली लायडनला इंजिनिअरांची शाळा काढली, तिचा अभ्यासक्रम स्टेविनने आखला आणि शिकवणे डचमधून ठेवले. खंदक खणणाऱ्या मजुराशी लॅटिनमध्ये कोण बोलणार?

स्टेविन १६२० साली वारला. आज डच मुले परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करतात, तेव्हा त्यांच्या गुणपत्रिकेवरची विषयांची नावे इंग्रजीत न्यावीच लागतात. तिथेही नुसते मॅथेमॅटिक्स लिहून भागत नाही. वरच्या वर्गांत विस्कुंडेचे ‘ए’, ‘बी’ असे प्रकार असतात. संख्याशास्त्राकडे झुकणारा ‘ए’ आणि विज्ञान-तंत्रज्ञानाकडे जाणाऱ्यांचा ‘बी’ यांत गल्लत झाली, तर मुलाचा प्रवेशच अडायचा. म्हणून शहाणा भाषांतरकार प्रकाराचे अक्षर तसेच ठेवतो आणि शेजारी खुलासा जोडतो.

अर्जापुरते ते पुरेसे आहे. ‘विस’ म्हणजे खात्री, एवढे मात्र त्या खुलाशात मावत नाही. ते डच मुलाला शाळेच्या पहिल्या तासाला फुकट मिळते, आणि ती कमाई एका हिशेबनिसाची आहे.